फळ्याखालचं बाकडं

कोल्हापुरात आता बोलायची भीती वाटते असं कुणी म्हटलं की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू अशासाठी, की या गावात कुजबुजणं कुणाला जमतच नाही. इथं माणूस शेजाऱ्याला ‘चहा झाला का’ म्हणून विचारतो, तेव्हा पलीकडच्या गल्लीतून ‘व्हय’ म्हणून उत्तर येतं. आणि राग अशासाठी, की जो फळा आमच्या चौकात होता, जिथं वाटेल ते लिहायची सोय होती, तो कुणी सरकारनं बंद पाडला नाही. तो कसा बंद पडला हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच सांगायला बसलोय.

फळा म्हणजे तालमीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंट गुळगुळीत करून काळा रंगवलेला चौकोन. दरवर्षी गणपतीच्या आधी त्याला नवा रंग मीच द्यायचो, कारण समोरच माझं पेंटरचं दुकान. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, आणि निवडणूक लागली की भिंती. नव्वदच्या दशकात भिंती रंगवायला मुभा होती आणि तिन्ही पक्षांच्या भिंती मीच रंगवायचो. सकाळी लाल, दुपारी भगवा, ऊन कललं की तिरंगी पट्टा. माझं स्वतःचं मत काय, असं कुणी विचारलं नाही. अक्षर चांगलं होतं, तेवढं त्यांना पुरायचं.

आठवडाभर फळ्यावर साध्याच गोष्टी असायच्या. कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, नळाला पाणी उद्या येणार का परवा. पण रविवारचा फळा वेगळा. रविवारी त्यावर मत लिहायचं.

आधी मतंही कुणी कधीही, गुपचूप लिहून जायचं. एकदा कुणीतरी एका पुढाऱ्याच्या बायकोबद्दल घाण लिहिलं आणि दोन गल्ल्यांतली डोकी फुटली. जाळ आणि धूर संगटच! लिहिणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, मार मात्र भलत्यांनीच खाल्ला. तालमीतली वडीलधारी माणसं म्हणाली, फळ्याला चुना फासा, कटकट नको. तेव्हा माझ्या दोस्तानं तोड काढली.

हा दोस्त सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. शाळेत पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याचं घर तालमीच्या मागच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. बोलायला सावकाश, पण बोलला की समोरच्याला दोन मिनिटं उत्तर सुचायचं नाही. तो म्हणाला, “बोलायला बंदी कशाला? बोलणाऱ्यानं फक्त तोंड दाखवायचं.” त्यानं दवाखान्याच्या भंगारातून एक लाकडी बाकडं विकत आणलं, मी त्याला हिरवा रंग दिला, आणि दोघांनी ते फळ्याखाली ठेवलं. नियम केला तो असा: रविवारी सकाळी ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. मग दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसून राहावं. जो येईल आणि विचारील त्याला उत्तर द्यावं. दिवे लागले की आपलं लिहिलेलं आपल्या हातानं पुसावं. दुसऱ्या कुणी फळ्याला हात लावायचा नाही. आयाबहिणींवरून काही नाही आणि जातीवरून शिवी नाही. बाकी सगळं चालेल.

लोक हसले. म्हणाले, दिवसभर उन्हात बसायला कोण रिकामं आहे? पण पुढच्याच रविवारी गिरणीतून निवृत्त झालेला लाल बावट्याचा म्हातारा आला आणि माझ्याकडून लिहून घेतलं, “देव सगळीकडं हाय तर दानपेटीला कुलूप कशाला?” लिहून झालं तोवर कॅसेटच्या दुकानाचा मालक, आमचा भगव्या पार्टीचा पोरगा, आलाच ओरडत. “आधी पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा!”

मी म्हटलं, “पुसायचं न्हाय. बस आणि भांड.”

बसला की! दहा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत दोघं भांडले. चौकात एवढी गर्दी, की रिक्षावाले वळून दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. तीन वाजता म्हाताऱ्याच्या घरून भाकरी आणि खरडा आला तो दोघांनी खाल्ला आणि पुन्हा भांडायला लागले. पुढच्या रविवारी त्या पोरानं लिहिलं, “क्रांती कोणत्या तारखेला आहे ते कळवावे, रजा टाकायची आहे.” म्हातारा आठवडाभर कुणाशी बोलला नाही. पण त्यानंही पुसलं नाही.

तिरंगी पट्ट्याच्या पक्षाचे खादीवाले काका स्वतः कधी लिहायचे नाहीत. मी एकदा लिहिलं, “धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आणायची घोषणा परत झाली. आमचा नळ ऐकून खोकला.” ते आले, धोतर सावरून बसले, आणि दोन तास ‘तसं बघाय गेलं तर दोन्ही बाजू बरोबर हायत’ एवढंच बोलले. हुपरीहून लेकीकडं आलेला त्यांच्या पक्षाचा एक पावणा मात्र माझ्यावर असा तुटून पडला, की दोन बस गेल्या तरी त्याला सोडायला स्टँडवर जायचं भान कुणाला राहिलं नाही. एकदा हवालदार आला. “हे कुणी लिवलंय?” म्हणून त्यानं दरडावून विचारलं. मी म्हटलं, “साहेब, तो काय खाली बसलाय.” असा वाट बघत बसलेला माणूस त्यानं नोकरीत कधी पाहिला नसावा. बाकड्यावर टेकला, चहा प्याला, वहीत काहीतरी खरडलं आणि गेला.

काय रविवार होते ते! खडूची पांढरी भुकटी, समोरच्या मिसळीचा कट, तालमीतून येणारा लाल मातीचा आणि तेलाचा वास, आणि या सगळ्यावर आमचं ओरडणं. मी गिऱ्हाईकांना सांगायचो, सासुरवाडीत सांगायचो, अनोळखी पावण्यांना थांबवून सांगायचो, की आमच्या फळ्यावर कुणाचं पुसलं जात नाही. लाल असो, भगवं असो, तिरंगी असो, निळं असो. पुसलं जात नाही म्हणजे नाही. अशी बारा-तेरा वर्षं गेली.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्याच तालमीचे जुने पैलवान. कान मोडलेले, गुडघे गेलेले. सकाळी काठी टेकत दुकानात यायचे आणि खुर्चीवर बसून फळ्याची गंमत बघायचे. सहीपुरतं लिहिता यायचं त्यांना. “लिहा की आबा तुम्ही पण,” म्हणून लोक थट्टा करायचे. “मला काय येतंय लिवाय,” म्हणून आबा हसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तालमीला पंचाहत्तर वर्षं झाली. चौकात मंडप, हलगी, सगळ्या पक्षांचे पाहुणे, आणि सगळ्यात जुना पैलवान म्हणून आबांचा सत्कार. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला. मंडपात लावायला तालमीचा इतिहास मीच एका मोठ्या फळीवर रंगवला होता. पहिली कुस्ती, पहिला गणपती, पुरात तालमीनं किती माणसं काढली, आड कुणी बांधला. शनिवारी दोस्त दुकानात आला, हात मागं बांधून सगळं वाचलं आणि म्हणाला, “एक ओळ राहिली.”

“कुठली?”

“उद्या रविवार हाय. उद्या सांगतो.”

रविवारी सकाळी तो आला. एरवी तो मला सांगायचा आणि मी लिहायचो, कारण त्याचं अक्षर डॉक्टरांच्या नादाला लागून बिघडलेलं. त्या दिवशी खडू त्यानं स्वतः घेतला. सावकाश, शाळेत लिहायचो तसं एकेक अक्षर काढून लिहिलं:

“या तालमीच्या आडावर माझा बाप ओंजळ धरून उभा राहायचा आणि त्याला वरून लांबनं पाणी ओतलं जायचं. इतिहासात ही ओळ राहिली.”

खाली जाऊन बाकड्यावर बसला.

मी दुकानाच्या दारात उभा होतो. वरून पाणी ओतणारा कोण, ते मला ठाऊक होतं. एकदा दोस्त आमच्याकडं जेवून गेल्यावर आई भांडी आवरताना सहज बोलून गेली होती, “ह्याच्या बाला आडावर तुझा आबा वरनं पाणी ओतायचा. आज ह्याचं पोरगं माझ्या चुलीपाशी जेवतंय. बरं झालं बाई.” मी ते ऐकलं आणि कधी कुणाला बोललो नाही.

अकराच्या सुमारास तिघं माझ्याकडं आले. लाल बावट्याचा म्हातारा, भगव्या पार्टीचा पोरगा आणि खादीवाले काका. तिघं मिळून एका विषयावर एकाच बाजूनं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हातारा म्हणाला, “आशय बरोबर हाय, वेळ चुकीची हाय.” पोरगा म्हणाला, “आपल्याआपल्यात फूट पाडतंय हे.” काका म्हणाले, “पावणं येणार हायत, तालमीची शोभा जाईल.” मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांचं मी ऐकतच नव्हतो. माझं आधीच ठरलं होतं, फक्त ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

साडेबाराला दवाखान्याचा शिपाई स्कूटरवरून आला. हायवेला अपघात झाला होता, एक्स-रे काढायला माणूस नव्हता. दोस्त उठला, माझ्याकडं आला आणि म्हणाला, “दोन-तीन तासांत येतो मर्दा. तोवर माझ्या जागी बस.”

माझ्या जागी बस. एवढंच म्हणाला. दुसऱ्या कुणाला नाही सांगितलं, मला सांगितलं.

मी बसलो. पाऊण तास बसलो. समोर मंडपात माणसं आबांची खुर्ची मांडत होती, नेमकी फळ्यासमोर. मग मी उठलो, दुकानातून ओलं फडकं आणलं आणि पुसलं. दोन हातांत साफ झालं. पेंटरचा हात तो, कडासुद्धा राहिल्या नाहीत.

सत्कार दणक्यात झाला. आबांना फेटा बांधला, शाल घातली, हलगी अशी वाजली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दोस्त परत आला तेव्हा भाषणं चालली होती. गर्दीच्या मागं उभा राहून त्यानं फळ्याकडं बघितलं. मी त्याच्याजवळ गेलो.

“सत्कारापुरतं पुसलंय. पुढच्या रविवारी मीच झकास अक्षरात लिहितो बघ,” मी म्हणालो.

“कुणी पुसाय लावलं?”

“कुणी न्हाय.”

तो काही वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला, फिल्म उजेडात धरून बघायचा तसा. मग म्हणाला, “मी कुणाचं नाव लिहिलं न्हवतं. माझ्या बानं मरेस्तवर सांगितलं न्हाय कुणाचा हात हुता ते. धम्म घेतल्यावर तो आडाकडं परत गेला न्हाय, आणि नावबी घेतलं न्हाय कुणाचं. मला ठाऊकच न्हवतं रं.” त्यानं स्टेजवर फेटा बांधून बसलेल्या आबांकडं पाहिलं. “तू पुसलंस, म्हणून आता कळलं.”

आणि तो गेला. मी तिथंच उभा. माझी लाज मला त्या वेळी कळलीसुद्धा नाही. उलट राग आला त्याचा. आजचाच दिवस मिळाला होता का म्हणून. अशी माणसाची जात! खाई त्याला खवखवे.

संध्याकाळी घरी आबांना कॅसेटवाल्या पोरानं कौतुकानं सांगितलं, दादांनी, म्हणजे मी, कसं वेळेवर पुसलं ते. आबा फेटा सोडत होते, थांबले. “काय लिवलं हुतं?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. आई आतून म्हणाली, “मग त्यात खोटं काय हाय?” आबा अर्धा सुटलेला फेटा मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यानंतर आठवडाभर ते दुकानात आले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मी दुकान उघडलं तर आबा फळ्याखाली. काठी बाजूला, धुतलेला सदरा, पाठ ताठ. वर फळा कोरा.

माणसं जमायला लागली. कुणीतरी म्हणालं, “आबा, चुकून बसला काय? फळा तर कोरा हाय.”

“कोरा न्हाय. पुसल्याला हाय,” आबा म्हणाले. “इचारा काय इचारायचं ते.”

मग आबा स्वतःच बोलायला लागले. “पाणी मी ओतत हुतो. इशीत हुतो. मोठ्यांनी काम लावून दिलतं. लांबनं ओतायचं, भांडं शिवू द्यायचं न्हाय. एक दिस मी मुद्दाम जोरात ओतलं. ओंजळीत कमी, अंगावर जास्त. सगळं भिजलं त्याचं. आम्ही पोरं हसलो. त्यो उरल्यालं पाणी प्याला आणि गेला.”

हे ते प्रत्येकाला सांगत होते. नवा माणूस आला की पहिल्यापासून. म्हातारा लाल बावटेवाला मान खाली घालून ऐकत होता. कॅसेटवाला पोरगा ऐकून निघून गेला, पुन्हा आला. खादीवाले काका म्हणाले, “आबा, त्यो काळच तसा हुता.”

आबा म्हणाले, “काळानं न्हाय ओतलं. मी ओतलं.”

मी समोर दुकानात एका किराणा दुकानाची पाटी घासत होतो. तेच अक्षर पुसत होतो, तेच काढत होतो. बाकड्यावर आबांच्या शेजारी जाऊन बसायला पंधरा पावलं लागली असती. ती मी टाकली नाहीत.

पाचच्या सुमारास दोस्त आला. त्याला कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. गर्दी बाजूला झाली. तो आबांच्या शेजारी बसला. मग आबांनी खिशातून खडू काढला आणि त्याच्यापुढं धरला. “परत लिव बाबा.”

“मी लिहिलं हुतं आबा,” दोस्त म्हणाला. “ज्यानं पुसलं त्यानं लिहायचं.”

आबांनी मला हाक मारली. चौक सगळा माझ्याकडं बघतोय. मी गेलो. खडू हातात घेतला. जन्मभर मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली, पटली न पटली न बघता लिहिली. ‘प्रचंड बहुमतांनी विजयी करा’ हे तर शिडीवर झोपेत लिहिलं असतं. आणि त्या दिवशी माझा हात वर जाईना. सगळ्या गल्लीसमोर, आपल्या बापाच्या डोक्यावर ती ओळ लिहायची? मी म्हणालो, “आता दिवेलागण होत आली आबा. लिहून लगेच पुसायचं, काय उपयोग? पुढच्या रविवारी सकाळीच लिहितो.”

आबांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि बाकड्यावर ठेवला. दोस्तानं त्यांना हात दिला, उठवलं आणि धरून घरी नेऊन सोडलं. मी ब्रश धूत बसलो.

पुढच्या रविवारी मी कुरुंदवाडला एक पाटी रंगवायला गेलो. ती पाटी बुधवारी चालली असती. त्याच्या पुढच्या रविवारी दुकानच उघडलं नाही.

मग एका रविवारी लाल बावट्याच्या म्हाताऱ्याची ओळ कॅसेटवाल्यानं सकाळी दहालाच पुसली. मी तरातरा गेलो आणि तोंड उघडलं. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही पुसलासा तवा चाललं व्हय दादा?” मी दुकानात परत आलो. त्यानंतर म्हाताऱ्यानं त्याचं पुसलं, कुणी माझं पुसलं, आणि दोन-तीन महिन्यांत लिहायलाच कुणी येईना. पुसलं जाणार हे ठाऊक असताना दिवसभर उन्हात कोण बसेल? तेवढ्यात शाहूपुरीत फ्लेक्सची मशिनं आली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे हात जोडलेले फोटो फळ्यावरच लागायला लागले. पुढं तालमीचं नवं बांधकाम निघालं आणि ती भिंतही गेली. लोक म्हणतात, फ्लेक्सनं फळा मारला. मी त्यांना काही सांगत नाही.

आबा गेले तेव्हा दोस्त आला होता. खांदा दिला, रक्षाविसर्जनालाही आला. माझ्याशी वैर धरलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटला की “काय, बरं हाय न्हवं?” म्हणतो, थांबतो, पोराबाळांचं विचारतो आणि जातो. दुकानात येऊन बसत नाही. पहिलीपासून एका बाकावर बसलेला माणूस माझ्याकडं बसत नाही.

बाकडं मात्र माझ्याकडं आहे. भिंत पाडली त्या दिवशी मी ते उचलून आणलं. हिरवा रंग उडालाय, एक पाय डुगडुगतो.

आज रविवार आहे. सकाळी दुकानाच्या अर्ध्या शटरला काळा रंग दिला, तो वाळू दिला, बाकडं बाहेर काढून खाली मांडलं. वय झालं आता, अक्षर पूर्वीचं राहिलं नाही. तरी लिहिलं:

“तालमीच्या आडावर माझ्या दोस्ताचा बाप ओंजळ धरून उभा राहायचा आणि त्याला वरून लांबनं पाणी ओतलं जायचं. ओतणारा हात माझ्या बापाचा होता. त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं. ही ओळ पुसणारा हात माझा होता.”

येणारेजाणारे वाचतात आणि पुढं जातात. एकानं मोबाइलवर फोटो काढला, विचारलं काहीच नाही. मी एका बाजूला सरकून बसलोय, शेजारी एका माणसाची जागा सोडून. दिवेलागणीला अजून बराच वेळ आहे.